‘स्थिर’ विकर की ‘स्थानबद्ध’ विकर? : एका संज्ञेची चिकित्सा

विकरांना बहुवारिक द्रव्यांवर बांधून उद्योगात त्यांचा पुनःपुन्हा उपयोग करण्याच्या तंत्राविषयी मराठीत लिहावयाचे झाले की लेखणीपुढे प्रथम जो शब्द उभा राहतो तो ‘स्थिरीकरण’ हा होय. नायट्रोजनाच्या स्थिरीकरणामुळे तो शाळेपासून परिचित आहे आणि घडणीनेही निर्दोष आहे. आक्षेप निराळ्या कारणासाठी आहे. विकर एका जागी अडकविणे ही एक क्रिया. त्याची टिकण्याची शक्ती वाढणे हा, घडलाच तर, तिचा परिणाम. इंग्रजीत या दोहोंना ‘इमोबिलायझेशन’ व ‘स्टॅबिलायझेशन’ अशी दोन नावे आहेत. मराठीत दोहोंसाठी एकच शब्द योजला की ‘स्थिरीकरणाने विकर स्थिर होते’ असे वाक्य तयार होते. जे सिद्ध करावयाचे तेच त्यात गृहीत धरलेले असते, आणि पुरावा मागण्याची आठवणही विद्यार्थ्याला राहत नाही.

खुद्द इंग्रजी संज्ञाही एका दिवसात ठरलेली नाही. कोळशावर अधिशोषित झालेले इन्व्हर्टेज क्रियाशील राहते, हे नेल्सन व ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये दाखविले; ग्रुबहोफर व श्लाइथ यांनी १९५३ मध्ये पॉलिस्टायरिनपासून केलेल्या राळेवर विकरे बांधली. पुढे ‘अविद्राव्य’, ‘बद्ध’, ‘आधारस्थ’ अशा अर्थाची नाना विशेषणे चालू राहिली. अमेरिकेतील हेनिकर येथे १९७१ मध्ये भरलेल्या विकर-अभियांत्रिकीच्या परिषदेत आजच्या नावाला पसंती मिळाली. त्या नावाचा गाभा एवढाच की, विकर अवकाशाच्या ठराविक मर्यादेत राहावे व त्याची उत्प्रेरणशक्ती नाहीशी होऊ नये. टिकाऊपणाचे आश्वासन त्यात नाही.

ते का नसावे, हे जपानमधील तानाबे सेइयाकु या कंपनीच्या उदाहरणावरून उत्तम कळते. तेथे १९६९ मध्ये इचिरो चिबाता व त्यांचे सहकारी यांनी अमिनोअसायलेज हे विकर डीईएई-सेफाडेक्स या बहुवारिकावर बसवून एल-अमिनो आम्लांचे सलग उत्पादन सुरू केले. उद्योगात बद्ध विकर वापरले जाण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. सहसंयुजी बंधाने बांधलेले आणि पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडाच्या जेलमध्ये कोंडलेले विकरही त्यांनी तपासून पाहिले होते. तरीही निवड झाली ती आयनी आकर्षणाने धरलेल्या, म्हणजे तुलनेने दुबळ्या बंधाची. कारण स्तंभाची शक्ती क्षीण झाली की त्याच बहुवारिकावर ताजे विकर पुन्हा चढविता येते. इतर दोन पद्धतींत ही सोय नव्हती. येथे पुनर्वापर केवळ विकराचा नव्हे, आधाराचाही आहे. ‘स्थिरीकरण’ या शब्दाने या युक्तीचे मर्मच झाकून टाकले जाते.

बांधण्याने टिकाऊपणा कधीच वाढत नाही, असे मात्र नव्हे. ट्रिप्सिन द्रावणात स्वतःलाच पचविते. बहुवारिकावर दूर दूर बसविले म्हणजे एक रेणू दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकत नाही. अनेक ठिकाणी बंध जोडले तर प्रथिनाची घडी उलगडणेही कठीण होते. परंतु टिकाऊपणाचा आभास ही वस्तू निराळी. बहुवारिकाच्या मण्यात विकर दाट भरले असेल तर अभिक्रियेचे द्रव्य आत झिरपण्यापूर्वीच बाहेरच्या थरांत संपते. बाहेरचे विकर निकामी होऊ लागले की आतले, आजवर बेकार बसलेले, कामाला लागते. हे विसरणाचे बंधन अतितीव्र असता अभिक्रियेचा वेग क्रियाशीलतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात राहतो. म्हणजे विकराची शक्ती निम्म्यावर आली तरी वेग सुमारे ७१ टक्के दिसतो, आणि अर्धायुष्य दुप्पट झाल्यासारखे वाटते! विकर स्वतः मात्र पूर्वीइतक्याच वेगाने नष्ट होत असते. ज्याने ‘स्थिर’ हे विशेषण आधीच स्वीकारले, तो या आलेखावर सहसा संशय घेणार नाही.

मग पर्याय कोणता? ‘निश्चल’ चालणार नाही. उत्प्रेरणासाठी विकराच्या रेणूला थोडी हालचाल करावीच लागते. ‘बद्ध’ हा शब्द चांगला, पण जेलमध्ये कोंडलेले विकर कशालाही बांधलेले नसते. मराठीत यासाठी एक तयार शब्द आहे, तो राज्यव्यवहारातला : ‘स्थानबद्ध’. स्थानबद्ध मनुष्य लिहितो, वाचतो, बोलतो. त्याला केवळ हद्द ओलांडता येत नाही. शब्दाला तुरुंगाचा वास येतो हे खरे, परंतु हेनिकरच्या संज्ञेचा आशय इतक्या नेमकेपणाने दुसरा शब्द क्वचितच देईल.

‘स्थिर’ व ‘स्थानबद्ध’ यांतील अंतर तानाबेच्याच पुढील प्रयोगात स्पष्ट दिसते. अ‍ॅस्पार्टिक आम्ल तयार करण्यासाठी १९७३ मध्ये त्यांनी विकर वेगळे न काढता एश्चेरिशिया कोलाय या जंतूच्या पेशीच जेलमध्ये कोंडल्या. आत त्या पेशी फुटल्या, आणि क्रियाशीलता घटण्याऐवजी अनेक पटींनी वाढली. कारण द्रव्यांची ये-जा सुलभ झाली व विकर जेलच्या जाळीतच अडकून राहिले.