रथ की गाडी? ‘सीक्रेट्स ऑफ सिनौली’ बघून उरलेला प्रश्न

मंडळाच्या बडोद्यातल्या मागच्या बैठकीत आपण ‘सीक्रेट्स ऑफ सिनौली’ हा माहितीपट एकत्र बघितला. नीरज पांडे यांची निर्मिती, मनोज बाजपेयी यांचं निवेदन. २०२१ साली डिस्कव्हरी प्लसवर आलेला. संपल्यावर चहाच्या वेळी एकच वाद: घोडे की बैल? वाद छान रंगला. पण हे ठरवायचं कशावरून, हे तासाभराचा माहितीपट बघूनही आपल्यापैकी कोणालाच सांगता येईना. माझी तक्रार तीच आहे.

आधी चांगलं सांगतो. शोध खरोखरच मोठा आहे. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीला २००५-०६ मध्ये ११६ दफनं सापडली होती. २०१८ साली संजय मंजुल यांच्या पथकाने पुन्हा खणलं, तेव्हा तांब्याचे पत्रे मढवलेल्या लाकडी शवपेट्या, तांब्याच्या तलवारी आणि तीन दुचाकी वाहनं मिळाली. काळ साधारण इसवीसनपूर्व २००० ते १८००. एरवी अशा विषयाकडे न फिरकणारी घरची मंडळीही शेवटपर्यंत बसली, याचं श्रेय बाजपेयींच्या आवाजाला द्यायलाच हवं.

पण ज्यावर सगळं उभं आहे, ते पडद्यावरून घाईघाईने जातं. लाकूड चार हजार वर्षांत कुजून गेलं. उरली ती मातीतली खूण आणि चाकांवर बसवलेले तांब्याचे त्रिकोण, तेही जिथल्या तिथे. ब्रशने माती झाडणाऱ्या माणसाने एक त्रिकोण जरी उचलून बाजूला ठेवला असता, तरी चाकाचा आकार गेला असता. म्हणजे वाहन ‘सापडलं’ असं म्हणणं अर्धंच खरं. मोजमाप, रेखाटन, फोटो, पुन्हा थोडी माती, अशा रीतीने ते तिथे वाचलं. हे काम सावकाश दाखवलं असतं, तर त्यातच थरार होता. त्याऐवजी संगणकावर रंगवलेले योद्धे येतात, आणि चित्र एकदा डोळ्यांपुढे धावलं की शंका घ्यायला कोण थांबतो?

शंका तर आहेतच. चाकं भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत. दफनांत घोड्याची हाडं मिळालेली नाहीत. मंजुल हे घोड्यांचे रथ मानतात. आस्को पार्पोला यांच्या मते या बैलगाड्या. दोन्ही बाजू समोर ठेवून प्रेक्षकालाच पुरावा तोलू दिला असता तर काय बिघडलं असतं?

इथे मला आपलं दायमाबाद आठवतं. १९७४ साली प्रवरेकाठी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळं मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्या रथाचीही चाकं भरीव, आणि त्याला आपण बिनदिक्कत रथच म्हणतो. म्हणजे बैल जोडले म्हणून मान कमी होतो, ही आपलीच समजूत. पण त्या वस्तू उत्खननात, थरातून निघालेल्या नव्हत्या. एस. ए. साळी यांनी पुढे तिथे उत्खनन केलं, १९८६ साली अहवाल आला; तरी डी. पी. अग्रवाल यांच्यासारख्यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून काळाबद्दल शंका घेतलीच. दायमाबादला वस्तू अखंड, पण थर हरवलेला. सिनौलीला वस्तू कुजलेली, पण थर हाती. पुरातत्त्वाच्या दृष्टीने दुसरं भाग्य मोठं. माहितीपटाला हे भाग्य कळलंच नाही, तो सोनं सापडल्यासारखा नाचत राहिला.

आपल्याला हे परकं नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने सौराष्ट्रात बगसरा इथे शंखाच्या बांगड्यांचा हडप्पाकालीन कारखाना उजेडात आणला, तो अर्धवट कापलेल्या तुकड्यांवरून. कोणीतरी उन्हात बसून ते तुकडे धुतले, मोजले, आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. त्यावर कोणी माहितीपट काढणार नाही. ‘शतकातला शोध’ असं नाव त्याला शोभणारही नाही. पण सिनौलीच्या वाहनाबद्दल जे काही विश्वासाने बोलता येतं, ते याच जातीच्या कामामुळे.

म्हणून माझी एक सूचना. असा कार्यक्रम पुन्हा ठेवू तेव्हा आधी अर्धा तास खापरं निवडलेल्या कोणाला तरी बोलवूया. खड्ड्याची भिंत कशी वाचतात, ते त्यांच्याकडून ऐकू. मग माहितीपट लावू. घोडे-बैलांवर भांडू तर आपण नक्कीच. निदान कशावरून भांडतोय ते तरी ठाऊक असेल.