क्रौर्याला परग्रह कशाला?

ओले बोर्नेदाल यांच्या ‘विकारेन’ (२००७) या डॅनिश चित्रपटात सहावीच्या वर्गावर उल्ला ही बदली शिक्षिका येते. पाप्रिका स्टीन यांनी ती थंडपणे रंगवली आहे. ती मुलांना भर वर्गात हिणवते. ती परग्रहावरची आहे, हे मुलांना कळते. पालक मात्र तिच्यावरच विश्वास ठेवतात. खरी भीती इथे आहे. खुर्चीचा शब्द प्रमाण आणि बाकावरच्याची तक्रार खोटी, ही रीत परग्रहावरून आलेली नाही. ती माणसांनीच घडवली. दिग्दर्शक मात्र क्रौर्याचा उगम आकाशात दाखवून शाळेला निर्दोष सोडतो. बाईचे सोंग उघडे पडते, खुर्चीचे पडत नाही. ते पाडले असते, तर हा भयपट विद्रोही ठरला असता.