रिकाम्या जागा भरा : दहावीच्या इंग्रजी पेपरची एक समीक्षा

कवितेची समीक्षा होते. कादंबरीची होते. नाटकाची तर पहिला प्रयोग झाला की लगेच वर्तमानपत्रात होते. पण या महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास पोरं एकाच दिवशी, एकाच वेळी, घाम पुसत जे लिखाण वाचतात त्याची समीक्षा कोणी लिहीत नाही. ते लिखाण म्हणजे बोर्डाचा इंग्रजीचा पेपर. एवढे वाचक मराठीतल्या कुठल्याच लेखकाला नाहीत. आणि वाचकाला नापास करायची ताकदही कुठल्या लेखकाकडे नाही. या पेपरकडे दोन्ही आहे. तरी त्याला कोणी तपासत नाही. का? तपासू शकणारे सगळे पास होऊन कधीच पुढे निघून गेले म्हणून?

मी कॉलेजात गेलेलो नाही. शीळफाट्याला राहतो, डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या गिरणीत काम करतो. इंग्रजी शिकलो ते रंगाच्या डब्यांवरच्या लेबलांवरून आणि रद्दीतून घेतलेल्या डिक्शनरीतून. पाळी सुटल्यावर वस्तीतली पोरं मागच्या वर्षांचे पेपर घेऊन बसतात. ते पेपर मी कविता वाचतो तसे वाचले, हातात पेन्सिल घेऊन, दोन-तीनदा. जे दिसलं ते लिहितो.

आधी सांगाडा बघा. २०१८ साली बालभारतीनं दहावीचं इंग्रजीचं नवं पुस्तक काढलं आणि पेपरचा साचा बदलला. मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या पोरांना इंग्रजी ही तिसरी भाषा. लेखी ८० गुण, शाळेच्या हातातले तोंडीचे २०. ऐंशीची वाटणी अशी: भाषाभ्यास १०, पुस्तकातले उतारे २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश मिळून १५, पत्र-संवाद-बातमी वगैरे लेखन २०, भाषांतर ५.

कागदावर हा साचा वाईट नाही, हे आधी कबूल करू. पत्र लिही, तक्ता वाचून सांग, बातमी लिही, ही कामं खऱ्या आयुष्यात लागतात. पण बेरीज करून बघा. पुस्तकातले उतारे आणि कविता मिळून ३० गुण. पोरानं कधीच न वाचलेल्या मजकुरावर फक्त १५. वाचता येतं की नाही हे बघायचं असेल तर न वाचलेलं पुढं ठेवावं लागतं. वर्षभर सरांनी फळ्यावर सोडवून दिलेला उतारा परत सोडवायला लावणं म्हणजे रोजच्या वाटेनं घरी पोचलेल्या माणसाला नकाशा वाचता येतो असं सर्टिफिकेट देणं.

आणि न वाचलेला उतारा तरी वाचावा लागतो का? दोस्तांनो, एक परीक्षा तुमचीच घेतो. खालचा उतारा वाचा.

लटकूर गावच्या झिंप्याने फडगुळीत तीन मोहट टरपले. त्यामुळे सगळे खुरवे भुसकटून गेले.

प्रश्न पहिला: झिंप्या कुठल्या गावचा? दुसरा: त्याने किती मोहट टरपले? तिसरा: कुठे टरपले? चौथा: चूक की बरोबर ते सांगा, खुरवे भुसकटून गेले नाहीत.

चारही उत्तरं आली ना? पैकीच्या पैकी मार्क घ्या. आता मोहट म्हणजे काय ते सांगा. सांगता येणार नाही, कारण तो शब्दच नाही. काल रात्रपाळीत मी तो तयार केला. अर्थाचा एक कण हाती न लागता तुम्ही वाचनाची परीक्षा पास झालात. आमची पोरं तीन तास हेच करतात. प्रश्नातला मोठ्या अक्षराचा शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूची ओळ उचलायची आणि उत्तरपत्रिकेत ठेवायची. हे पोराचं लबाडीपण नाही. पेपर जे मागतो ते ते देतं. हमाल ओझं उचलतो, पोत्यात काय आहे ते त्याला कोणी विचारलेलं नसतं.

प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी दोन मार्कांचा एक प्रश्न असतो: तुमचं मत काय? सगळ्या पेपरात हाच खरा प्रश्न. इथं पोराला स्वतःचं वाक्य लिहावं लागतं. पण गाइडवाल्यांनी मतंसुद्धा तयार करून विकायला ठेवली आहेत. स्वतःचं वाक्य चुकलं तर मार्क जाईल, गाइडचं पाठ वाक्य बरोबर असतं. म्हणून पोरगं स्वतःचं मत सोडून देतं. ज्या समाजाला हजारो वर्षं मत विचारलंच गेलं नाही, त्याच्या पोराला एकदा विचारलं जातं, तेही दोन मार्कांसाठी, आणि तिथंही ते दुसऱ्याचंच मत लिहून येतं. याचा राग पोरावर काढू नका.

व्याकरणाकडे येऊ. अ‍ॅक्टिव्ह व्हॉइसचं पॅसिव्ह करा, एक गुण. द मॅनेजर रिमूव्हड द वर्कर्स. द वर्कर्स वेअर रिमूव्हड बाय द मॅनेजर. पोरगं झटक्यात करतं. कर्ता मागं, कर्म पुढं, मधे वेअर आणि बाय. पण गिरणीच्या गेटवर नोटीस लागते तेव्हा तिच्यात 'बाय' नसतो. इट हॅज बीन डिसायडेड, एवढंच असतं. ठरवण्यात आलं आहे. कोणी ठरवलं? वाक्यातून माणूस गायब. आपल्या सरकारी मराठीतही हेच: कामगारांना कमी करण्यात येत आहे, झोपड्या हटवण्यात आल्या, अर्ज नामंजूर करण्यात आला. करणारा कुठंच नाही. पॅसिव्ह व्हॉइस शिकायचा तो यासाठी, की लपलेला कर्ता ओळखता यावा आणि त्याला बाहेर ओढून नाव विचारता यावं. पेपर फक्त वाक्य उलटं करायला लावतो. वाक्य उलटं का केलं जातं हे तो विचारत नाही. एवढा एक प्रश्न घातला तर व्याकरण हे आपलं हत्यार होईल.

कवितेबद्दल तर बोलायलाच पाहिजे, कारण ती माझी जखम आहे. पाच मार्कांचं रसग्रहण. त्याचा साचा ठरलेला: कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकाची रचना, एक अलंकार, मध्यवर्ती कल्पना, कविता का आवडली. सगळ्यांना सगळ्या कविता आवडतात. सगळ्यांना त्यातला संदेश आवडतो. न आवडण्याला मार्क आहेत असं कोणी पोरांना सांगितलेलं नाही. या पुस्तकात टागोरांची ती कविता आहे, भीती नसलेल्या मनाची. मूळ बंगाली. टागोरांनी ती स्वतःच इंग्रजीत नेली, १९१२ साली इंग्रजी गीतांजली छापली, १९१३ ला नोबेल मिळालं. म्हणजे आपलं पोरगं इंग्रजी म्हणून जे पाठ करतं ते एका भारतीय माणसानं आपल्या भाषेतून केलेलं भाषांतर आहे. ही गोष्ट पोराला सांगा, त्याची पाठ ताठ होईल. आणि मग त्याला म्हणा, टागोरांनी बंगालीतून इंग्रजीत आणली, तू इंग्रजीतून तुझ्या आईच्या भाषेत आण. त्याला इंग्रजी कळलं की नाही आणि कविता कळली की नाही, दोन्ही एका फटक्यात कळेल. पेपर हे न करता विचारतो, यमक कुठलं? पोरगं धडधडत्या छातीनं लिहितं, यमक नाही. निर्भय मनाच्या कवितेचं हे रसग्रहण!

पोराची भाषा या पेपरात कुठं येते? फक्त शेवटच्या पाच मार्कांत. चार शब्द, दोन वाक्यं, एक म्हण, यांचं भाषांतर करा. तेही शाळेच्या माध्यमाच्या भाषेत. शीळफाट्याच्या नाक्यावर उभं राहून ऐका. एका बाजूला मुंब्र्याची उर्दू, गावात आगरी, चाळीत विदर्भ-मराठवाड्याची बोली, कंपाउंडमधे भोजपुरी. यातली एकही पेपरात नाही. आणि या पोरांना इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्यानं जरा त्यांचे शब्द मोजावेत. मस्टर, ओव्हरटाइम, कॉन्ट्रॅक्ट, बॉयलर, नोटीस, डिमॉलिशन. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा मुंबईच्या बीकेसीतून निघून शीळफाट्याला बाहेर येतो. त्याचं काम बघत बघत आमच्या पोरांनी टनेल शिकला, शाफ्ट शिकला. गिरणीत जिगर म्हटलं की कापड रंगवायचं मशीन, हे माझ्यासारख्या प्रत्येक कामगाराला माहीत. हा शब्दसंग्रह कामातून आलेला आहे. त्याला पेपरात एकही रिकामी जागा ठेवलेली नाही.

आता तोंडीचे २० गुण. आकडे बोलतात. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषांचे तोंडीचे गुण काढून टाकले, निकाल आला ७७.१०. ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३०. खरं आहे, २०१९ ला पुस्तकं नवी होती आणि २०२० ला कोविडमुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. सगळा फरक या वीस गुणांनी पडला असं मी म्हणत नाही. पण लोकांनी भांडण कशावर केलं ते बघा. टक्क्यांवर. तोंडी परीक्षेत पोरगं बोलतं का, यावर कोणी भांडलं नाही. बोलणं ही भाषेची पहिली गोष्ट. तोंडी परीक्षा पाहिजेच. पण ती घ्यायला प्रत्येक पोराला दहा मिनिटं द्यावी लागतात, आणि एका वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबल्यावर ती दहा मिनिटं येणार कुठून? मग गुण वहीत बसून भरले जातात. पोरगं पास होतं आणि मुकं राहतं. अकरावीत गेल्यावर त्याला ते कळतं, आणि तेव्हा ते स्वतःलाच दोष देतं.

भाषेची परीक्षा हे आपल्यासाठी जुनं बंद दार आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांनी फारशी घेतलं. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. चरित्रात गुण नोंदले आहेत: ७५० पैकी २८२. म्हणजे अडतीस टक्केसुद्धा नाहीत. सहा वर्षांनी, १९१३ ला, तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात होता. संस्कृतही त्यांनी पुढं स्वतःच्या बळावर वाचलं. २८२ हा आकडा खोटा नव्हता. पण त्या माणसात काय आहे हे मोजायला तो तोकडा पडला. पेपर लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावावी. आणि आपणही लावावी, कारण गुणपत्रिका बघून आपण आपल्याच पोरांना किती लवकर निकालात काढतो!

इंग्रजी नको म्हणणाऱ्यांत मी नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या काव्यफुलेत इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं ते इंग्रजीत. ज्यांची नातवंडं परदेशात आणि भाषणं मायबोलीवर, त्यांचं आपण ऐकायचं नाही. पण इंग्रजीची पूजाही करायची नाही. २०१० साली उत्तर प्रदेशात, लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात, चंद्रभान प्रसादांच्या पुढाकारानं इंग्रजी देवीचं मंदिर उभारायला घेतलं. त्यामागची तळमळ मला कळते. तरी देवी नको. देवीपुढं माणूस हात जोडतो, तिला प्रश्न विचारत नाही. आणि आपल्याला तर या भाषेला प्रश्नच विचारायचे आहेत.

मग करायचं काय? बोर्डाचा पेपर जाळा असं मी म्हणत नाही. नापासाचा शिक्का घेऊन नाक्यावर उभं राहायला आपलीच पोरं असतात. तो पेपर पास करून घ्यायचाच. पण त्याच्या शेजारी आपला पेपर काढू या. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत, महिन्यातून एकदा. पाच प्रश्न पुरेत.

एक: पोरानं कधीच न पाहिलेली खरी इंग्रजी नोटीस. पीएफची, कोर्टाची, महापालिकेची, कुठलीही. दोन: या नोटिशीत कोण कोणाला काय करतो आहे? लपलेला कर्ता शोध. तीन: हे तुझ्या आईला तुझ्या घरच्या बोलीत सांग. चार: त्याला तीन वाक्यांचं इंग्रजी उत्तर लिही. स्पेलिंग चुकलं तर चालेल, मागणी चुकता कामा नये. पाच: इंग्रजीत एक प्रश्न तोंडानं विचार.

तिसऱ्या प्रश्नाचे परीक्षक मास्तर नसतील. ती आई असेल. ती कधी शाळेत गेलेली नसेल, पण पोरानं सांगितलेलं आपल्याला कळलं की नाही हे तिच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही. तिला कळलं तर पोरगं पास. नाही कळलं तर परत वाचायला बसायचं, ओरडायचं नाही, मारायचं नाही.

तुमच्या वस्तीत हा पेपर घेऊन बघा. नोटिशी गोळा करा. पोरांची उत्तरं, चुकांसकट, या पत्त्यावर पाठवा. स्टेन्सिल कापायचं काम आमचं. पुढच्या अंकात त्यांचीही समीक्षा करू.

जय भीम.