‘स्थिर’ या शब्दाची चिकित्सा

संगणकाच्या व्यवहारात ‘स्टेबल’ हा शब्द जितक्या विश्वासाने वापरला जातो, तितका तो तपासला जात नाही. रुग्णालयाच्या नोंदी किंवा ग्रंथालयाची सूची ज्या सर्व्हरवर चालते, त्यावर अजून घडत असलेली, विकास-शाखेतील ऑपरेटिंग सिस्टिम घालावी काय? ‘नको, ती अस्थिर असते’ असे उत्तर मिळते. उत्तर बहुधा बरोबर असते. कारण मात्र अपुरे असते.

1993 साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन प्रकल्प या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे असतात आणि ‘अनस्टेबल’ शाखेचे नाव कायम ‘सिड’, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. नवे पॅकेज प्रथम सिडमध्ये येते. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये उतरते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून तिची ‘स्टेबल’ आवृत्ती केली जाते. पुढे सुरक्षेचा दोष निघाला, तर शक्यतो नवी आवृत्ती न आणता जुन्यातच दुरुस्ती बसवतात. पुस्तकाची नवी आवृत्ती न काढता शुद्धिपत्र जोडावे, तसे. येथे ‘स्थिर’ म्हणजे न बदलणारे. निर्दोष असा त्याचा अर्थ नाही.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे एका जुन्या प्रकरणातून दिसते. 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलाने गुप्त किल्ल्यांमागची यादृच्छिकता जवळजवळ संपली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी सुमारे 32 हजारच पर्याय उरले. हा बदल सर्व पायऱ्या ओलांडून एप्रिल 2007च्या स्टेबल आवृत्तीत पोहोचला आणि मे 2008मध्ये उघड झाला. जो दोष काहीही मोडत नाही, तो नुसते थांबून सापडत नाही.

2024चे एक्सझेड प्रकरण याच्या उलट आहे. या संक्षेपन-साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरला होता. तो सिड आणि टेस्टिंगमध्ये शिरला. स्टेबलमध्ये जुनी आवृत्ती असल्याने ती वाचली. पण तो सापडला कसा? सिडवर काम करताना एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने रेंगाळते, हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले आणि 29 मार्च रोजी त्यांनी तो जाहीर केला. स्टेबलवाल्यांची सुरक्षितता सिड वापरणाऱ्या कोणाच्या तरी जागरूकतेवर उभी होती. विकास-शाखेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे ऋण मान्य केले पाहिजे.

मग ती प्रत्यक्ष सेवेत कोणी चालवावी? नेटफ्लिक्सने चित्रफिती पोहोचवणारे आपले सर्व्हर फ्रीबीएसडीच्या विकास-शाखेवर चालवले. काही वर्षांनी एकदम येणाऱ्या बदलांच्या डोंगरापेक्षा रोजचे छोटे बदल पचवणे सोपे, हा त्यामागचा विचार. पण त्यांच्याकडे सिस्टिमचा गाभा दुरुस्त करणारे अभियंते आहेत, आणि एक सर्व्हर पडला तर प्रेक्षकाला दुसरा मिळतो. त्यांचा निष्कर्ष उचलून त्यांची परिस्थिती मागे सोडणे, ही अनुकरणातली नेहमीची गफलत आहे.

‘टेस्टिंग’ची मधली वाट तर अधिक फसवी. तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती बहुधा सिडमार्गे येते, म्हणून तिला उशीर होऊ शकतो. नव्याचे धोके पत्करूनही शुद्धिपत्र वेळेवर मिळेल याची खात्री नसते.

तेव्हा शाखा किती ‘चांगली’ आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. बदल आल्या दिवशी तो वाचणारा माणूस आपल्याकडे आहे काय, आणि यंत्र बंद पडले तर काम दुसरीकडे चालू राहते काय, हे आधी विचारावे. एकच सर्व्हर आणि सांजवेळी घरी जाणारा एकच तंत्रज्ञ असेल, तर स्टेबलच घ्यावी. मात्र तिची दुरुस्ती-पत्रे नियमित बसवावीत. सिडसाठी दुसरे, मोडले तरी चालेल असे यंत्र ठेवता आले, तर ते ऋणही थोडे फिटेल.