शून्य सावलीच्या दिवसांतली झाडं

मे महिन्याच्या मध्यावर बीड जिल्ह्यातल्या आष्टीत असे दिवस येतात, की भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाऊन नाहीशी होते. आष्टी साधारण पावणेएकोणीस अंश अक्षांशावर आहे; त्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भिंतीची सावली उत्तरेला पडत नाही की दक्षिणेला पडत नाही. पत्र्याच्या शेडखाली सावली असते, पण तिथं बसवत नाही, कारण तापलेला पत्रा उष्णता खाली सोडत राहतो. अशा वेळी गावातली म्हातारी माणसं, शेळ्या, कुत्री आणि एसटीची वाट पाहणारे प्रवासी कुठल्या झाडाखाली जाऊन बसतात, ते पाहावं. कुठलं झाड लावावं याचं उत्तर तिथं आयतं मिळतं.

शोभेचं झाड फुलाचा फोटो पाहून निवडायचं, असा रिवाज पडला आहे. आष्टीत तो महागात पडतो. बालाघाटाची रांग आणि सीनेचं खोरं यांच्यामध्ये पसरलेला हा तालुका पर्जन्यछायेतला. बीड जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तीही खंड पाडत पडणारी. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर कुठं वीतभर तर कुठं हातभर माती. इथं झाडाचा कस लागतो तो फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत. त्या काळात झाड काय करतं, पान टाकतं की पान काढतं, हे ज्यानं पाहिलं त्याला झाडाची पारख आली.

या परीक्षेत लिंब पहिला. कडुनिंब हे पुस्तकातलं नाव; इकडं तो लिंबच. माघात त्याचं पान पिवळं पडू लागतं आणि गळतं. अंगण दिवसातून दोनदा झाडावं लागतं, त्यावरून घरात कुरबुरही होते. पण लिंब उघडा असा फार दिवस राहत नाही. होळीच्या आगेमागे डहाळ्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटते. कोवळ्या पानाचा तो तांबडेपणा केवळ नटवेपणा नव्हे. पान जून होईपर्यंत ते रंगद्रव्य कडक उन्हात त्याची पाठराखण करतं. मग रंग पोपटी होतो. पाडव्याला गुढीवर चढते ती डहाळी याच कोवळ्या दिवसांतली. चैत्र सरेस्तोवर झाड हिरवंगार झालेलं असतं. पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळ गाठतात, आणि हा गडी नव्या पानांनी भरून उभा.

हे त्याला जमतं ते मुळांच्या जिवावर. जुनं पान गळालं की पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च थांबतो. खोल गेलेली मुळं मुरमाच्या भेगांतून जी ओल ओढतात, ती खोडात आणि फांद्यांत साठत जाते. दिवस मोठा होऊ लागला की त्या साठ्यावर पालवी येते. मृगाचा पाऊस पडेल तेव्हा पान तयार असतं आणि तोकड्या पावसाळ्याचा एकही दिवस वाया जात नाही. आपल्याला वैशाखात मिळते ती सावली म्हणजे त्या झाडानं स्वतःसाठी केलेल्या तयारीचा वरकड लाभ आहे.

लिंबाचं एक पान हातात घेऊन पाहावं. देठाच्या दोन्ही बाजूंना अरुंद, वाकड्या, करवती कडांच्या पर्णिका. प्रत्येक पर्णिका असमान: मधल्या शिरेची एक बाजू तळाशी रुंद, दुसरी चिंचोळी. असं अरुंद पान वाऱ्याच्या जराशा झुळकीनंही निवतं. रुंद पान तापून राहतं. शिवाय ही पानं एका पातळीत नसतात. पहिल्या थरातून निसटलेलं ऊन दुसऱ्यात अडतं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. वारा मात्र कुठंच अडत नाही. लिंबाच्या सावलीचं मर्म इथं आहे: ऊन गाळून घेणारी आणि वारा सोडून देणारी अशी ही सावली.

त्या सावलीतले कवडसे बघण्यासारखे असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवर पडणारा कवडसा गोल, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात ज्यांनी आकाशाऐवजी झाडाखालची जमीन पाहिली, त्यांना हेच कवडसे कोरीसारखे कापलेले दिसले असतील. उभ्या उन्हाळ्यात लिंबाखाली बाज टाकून पडलेल्या माणसाच्या अंगावरून हे गोल हलत जातात, थांबत नाहीत, म्हणून चटका बसत नाही.

चैत्रात मोहोर येतो. फुलं इतकी लहान, पांढरी, की झाड फुललंय हे डोळ्यांआधी नाकाला कळतं. दिवसा वास दबलेला असतो. अंधार पडला, वारा पडला, की गोडसर आणि मागाहून किंचित कडवट असा तो वास अंगणभर उतरतो. शोभेचं झाड म्हणून लिंबाची कुणी शिफारस करत नाही. मला विचाराल तर ज्यानं उन्हाळ्याच्या रात्री लिंबाखाली झोप काढली आहे, त्याला दुसरी शोभा दाखवण्याची गरज नाही.

दुसरा मान करंजाचा. लिंबाची सावली गाळीव, करंजाची गच्च. चैत्रात तोही पान टाकतो आणि जुनं पान पुरतं पडतं न पडतं तोच नवं काढतो. ती पालवी इतकी तकतकीत पोपटी असते, की भर उन्हात झाड ओलं असल्याचा भास होतो. माझ्या मते वैशाखातल्या माळरानावर याहून देखणं काही नसतं. नंतर फिकट जांभळट-पांढरी फुलं येतात, झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त दिसतात: सकाळी झाडाखाली लाह्या सांडल्यासारखा सडा असतो आणि वर मधमाश्यांची घुमघुम. करंज शेंगवर्गी, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधून घेतो, त्यामुळं हलक्या जमिनीतही टिकतो. त्याच्या पाल्याला गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि मोकाट जनावरांच्या गावात हा गुण लहान नाही. दोषही सांगायला हवा. पावसाळा सरता सरता त्याच्या पानांवर गाठी आणि चट्टे उठतात, झाड मळकं दिसतं. झाडाला त्याचं फारसं काही होत नाही. शिवाय तोवर उन्हाची तलखीही संपलेली असते.

आता गुलमोहर. त्याला नावं ठेवण्याची अलीकडं फॅशन आहे, पण एप्रिल-मेमध्ये तांबड्याभडक फुलांनी पेटलेला गुलमोहर दिसला की टीकाकारही मान वर करतोच. मादागास्करहून आलेलं हे झाड, एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे आपल्याकडं रुजलं आणि शाळांच्या आवारांत कायमचं घर करून बसलं. त्याचं सौंदर्य लांबून पाहण्याचं. जवळ गेलं तर ऐन मार्च-एप्रिलमध्ये, सावली हवी असते तेव्हा, तो बहुधा निष्पर्ण असतो. मुळं वरवर पसरलेली, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वावटळीत फांदी नेमकी खाली लावलेल्या गाडीवर येते. गुलमोहर जरूर लावावा, पण मैदानाच्या टोकाला, घराच्या छपरापासून लांब.

बहाव्याचंही तसंच. वैशाखात पान उतरवून तो पिवळ्या झुंबरांनी लदतो, आणि तो पिवळा रंग तापलेल्या करड्या डोंगरापुढं जितका खुलतो तितका बागेतल्या हिरवळीपुढं खुलत नाही. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असा एक जुना ठोकताळा आहे. तो दरवर्षी खरा ठरतोच असं नाही, पण दुष्काळी भागातली माणसं दरवर्षी त्याच्याकडं बघतात. बहावा बसण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. म्हणून तो खिडकीतून दिसेल असा लावावा आणि बसायला शेजारी करंज असावा. अंगण लहान असेल तर आपटा घ्यावा. तो बुटका आणि काटक आहे, आणि दसऱ्याला दुसऱ्याच्या झाडावर चढावं लागत नाही.

वड आणि पिंपळ यांची सावली वेगळ्या जातीची. वडाचं पान जाड, रुंद, चिवट. त्याच्याखाली कवडसे जवळजवळ नाहीतच. लिंबाखाली माणूस झोपतो, वडाखाली माणसं जमतात. पार बांधला जातो तो म्हणून या दोघांभोवती. बीडजवळ पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरवलं, तेव्हा अध्यक्षपद वडाला दिलं होतं. मला ती निवड चोख वाटली. पण अध्यक्षांना घराच्या भिंतीला खेटून बसवू नये. वड-पिंपळाची मुळं पाया आणि टाकी दोन्ही फोडतात. त्यांची जागा गायरान, बाजारतळ, शाळेच्या मैदानाची कड.

नव्या प्लॉटिंगमधून दिसतात ती दोन झाडं या कसोटीवर घासून पाहू. पहिला खोटा अशोक, शेलाटा, सरळसोट. सूर्य माथ्यावर असताना त्याची सावली त्याच्याच बुंध्याभोवती हातभर पडते. ओळीनं वीस लावले तरी खाली एक माणूस धड बसत नाही. दुसरं कोनोकार्पस. हे झाड कमी पाण्यात तगतं, मेमध्ये हिरवंही राहतं, म्हणजे वरवर पाहता उत्तीर्ण. पण ते लावतात भिंतीसारखं छाटून. त्याखाली बसायला जागा नाही. त्याच्या परागांमुळं होणारा त्रास आणि पाइपलाइनमध्ये घुसणारी मुळं यांच्या तक्रारी वाढल्यावर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. राज्याचं फूल म्हणून ताम्हण लावावा, असंही कुणी म्हणेल. पण तो ओढ्याकाठचा, कोकण-विदर्भातला. मुरमाड माळावर त्याला आणून उभं करणं म्हणजे त्याचा छळ.

निवड झाली, आता लावणी. इथं आष्टीची स्वतःची अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. जुलैत उत्साहानं लावलेलं रोप नेमकं पाणी लागतं त्या महिन्यांत कुलूपबंद घरापुढं एकटं असतं. २०१६ पासून राज्यानं २ कोटींवरून ३३ कोटींपर्यंत वृक्षलागवडीची उद्दिष्टं घेतली. पण झाड जगतं ते खड्ड्यांच्या आकड्यावर नाही, पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यावर.

या अडचणीतली वाट लिंबच दाखवतो. ज्येष्ठ-आषाढात पिकलेली निंबोळी साळुंकी, बुलबुल खातात आणि बी बाभळीच्या झुडपात टाकतात. काट्यांच्या आडोशाला रोप वाढतं, शेळीचं तोंड पोचत नाही, सोटमूळ वाकडं न होता थेट खाली जातं. बाभळीच्या पोटातून वर आलेला लिंब इकडं कितीतरी बांधांवर दिसेल. त्याचा कित्ता गिरवावा. निंबोळीचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवण हरवतं, म्हणून पिकलेली निंबोळी गोळा करून, गर धुऊन, लगेच जागेवरच टोकावी आणि भोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालावं. रोपच लावायचं तर उंच आणि जुनं घेऊ नये. पिशवीत मुळं गोल फिरलेलं रोप मुरमात कधी धड रुजत नाही. हातभर उंचीचं, वर्षाचं रोप, दोन फूट खोल खड्डा, तळाशी शेणखत आणि वर पाचटाचं आच्छादन. बुंध्याशेजारी भाजलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून आठवड्यातून एकदा भरलं तर पाणी थेट मुळाशी झिरपतं. घरी राहिलेल्या आजी-आजोबांनाही एवढं जमतं.

जागाही विचारानं निवडावी. मेमध्ये डोक्यावरचं ऊन चुकवता येत नाही, पण तीनपासून सहापर्यंतचं पश्चिमेचं ऊन भिंत तापवतं आणि ती भिंत रात्रभर निवत नाही. म्हणून पहिलं झाड घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून पंधरा फुटांवर. तिथं लिंब लावावा. रस्त्याच्या कडेला करंज, नजरेपुढं बहावा, गावाच्या मोकळ्या जागेत वड. यापलीकडं काही लावायचं असेल तर आधी वैशाखातल्या दुपारी ते झाड कुठं उभं आहे तिथं जाऊन त्याच्याखाली तासभर बसून पाहा. बसवलं तरच रोप विकत घ्या.