‘फुल’ दाखवतंय ना? मग बंद का पडतं? : एका ट्रबलशूटिंग तक्त्याचं वाचन

दिवाळीत मलकापूरला घरी गेले होते. फराळाच्या गडबडीतून सुटून गच्चीवर गेले, तर मागोमाग चुलतभाऊ आला. पुण्यात इंजिनीअरिंग करतो. खिशातून पेनड्राइव्हपेक्षा जरा मोठी वस्तू काढून म्हणाला, “ताई, तू बॅटरीवरच पीएचडी करतेस ना? हे बघ ना जरा. स्क्रीनवर फुल दाखवतं, पण दोनदा ओढलं की लुकलुकून बंद. आणि काकूला सांगू नको.”

वस्तू म्हणजे व्हेप, इलेक्ट्रॉनिक सिगारेट. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षाच्या कायद्याने तिचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठवण सगळं बंद केलं आहे. (निकोटिनबद्दल मला जे बोलायचं होतं ते मी त्याला बोलले. ते इथे पुन्हा सांगत नाही.) बंदीचा एक परिणाम मात्र या लेखाच्या कामाचा आहे. अशा वस्तूला बिल नसतं, वॉरंटी नसते, दुकानात परत नेऊन भांडायची सोय नसते. बिघाड झाला की हातात उरतो तो फक्त डब्यातल्या घडीच्या कागदावरचा तक्ता: डावीकडे समस्या, उजवीकडे उपाय. भावाने तो सगळा पाळून झाला होता.

मी तो कागद वाचायला घेतला आणि वाटलं, नेट-सेट, पेट देऊन संशोधनाकडे येणाऱ्या प्रत्येकाने असा एक तक्ता एकदा तरी शोधनिबंध तपासावा तसा तपासावा. कारण बिघडलेल्या प्रयोगाकडे आपण नेमकं या तक्त्यासारखंच बघतो.

तक्त्यात साधारण असं होतं. चालू होत नाही: बटण पाच वेळा पटापट दाबा. दिवा लुकलुकतो: चार्ज करा. चार्ज होत नाही: केबल बदला, अडॅप्टर बदला, पोर्ट पुसा. स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसतो: पूर्ण चार्ज करून पुन्हा सुरू करा. कॉइल सापडत नाही: पॉड काढून संपर्काच्या जागा कोरड्या करा. मोबाइलच्या, ब्लूटूथ स्पीकरच्या, ट्रिमरच्या पुस्तिकेतही थोड्याफार फरकाने हेच असतं.

आधी त्याच्या बाजूने बोलते. स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आधी, हा क्रम शहाणपणाचा आहे. उपकरण उघडण्याआधी केबल बदलून बघावी, यात काहीच चूक नाही. पाच वेळा बटणाचं कलमही बरोबर आहे. खिशात चुकून चालू होऊ नये म्हणून अनेक उपकरणांना तसं कुलूप असतं, आणि ‘बिघडलेली’ कित्येक उपकरणं फक्त कुलूपबंद असतात.

माझी तक्रार वेगळी आहे. हा तक्ता लक्षण जिथे दिसतं तिथेच बिघाड आहे असं धरून चालतो. स्क्रीनचे प्रश्न एका ओळीत, बॅटरीचे दुसऱ्या ओळीत. भावाचं उपकरण दोन्ही ओळींत बसत होतं, म्हणून त्याने दोन्ही ओळींतले उपाय केले आणि दोन्ही फुकट गेले.

जरा गणित करू. आकडे मी उदाहरणासाठी धरतेय. सेल जवळपास भरलेला, व्होल्टेज ४.१. तापणाऱ्या तारेचा, म्हणजे कॉइलचा रोध ०.८ ओहम. सेलच्या आतही रोध असतो, नव्या सेलमध्ये तो ०.०५ ओहम धरा. ओढलं की प्रवाह ४.१ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ४.८ अँपिअर. सेलच्या टोकांवर उरतात ३.८६ व्होल्ट. सगळं ठीक. आता तोच सेल जुना झाला आणि अंतर्गत रोध ०.२५ ओहमवर गेला. प्रवाह ३.९ अँपिअर, टोकांवर ३.१२ व्होल्ट. उपकरणाने ३.२ च्या खाली बंद व्हायचं ठरवलेलं असेल, तर ते लुकलुकून बंद पडणार. ओढणं थांबलं की प्रवाह शून्य, आतली घट शून्य, आणि व्होल्टेज परत ४.१ च्या आसपास. स्क्रीन पुन्हा म्हणते, फुल!

म्हणजे स्क्रीन खोटं बोलत नव्हती. तिला विचारलेला प्रश्न निराळा होता. अशा स्वस्त उपकरणात टक्केवारी बहुधा सेल निवांत असतानाच्या व्होल्टेजवरून काढतात, आणि तो आकडा काम करताना सेल किती तग धरेल हे सांगतच नाही. टक्केवारी हे मोजमाप नाही. ते मोजमापावर रचलेलं एक मॉडेल आहे, आणि मॉडेलमध्ये ‘सेल नवा आहे’ हे गृहीतक गुपचूप बसलेलं आहे. तक्त्यात ‘स्क्रीनची समस्या’ आणि ‘बॅटरीची समस्या’ म्हणून जे वेगळं दाखवलंय, ते इथे एकच दुखणं आहे.

हे आमच्या काकांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत पाठीवरच्या बॅटरी पंपाचा छोटा व्होल्टमीटर सकाळी १२.६ दाखवतो, आणि मोटर सुरू केली की काटा खाली बसतो. मलकापूरच्या बाजारातला दुरुस्तीवाला मीटरकडे बघतसुद्धा नाही आधी. तो बॅटरीला गाडीचा हेडलाइटचा बल्ब लावतो आणि मग मीटर बघतो. भार टाकून मोजायचं. माझ्या मते हा बल्ब त्या अख्ख्या तक्त्यापेक्षा सरस आहे, कारण तो कारणाला प्रश्न विचारतो.

आता भावाच्या उपकरणाचं. उघडायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. लिथियम-आयन सेलला स्क्रूड्रायव्हर लागून आत शॉर्ट झाला तर काय होतं हे मी प्रयोगशाळेत पाहिलंय, गच्चीवर बघायचं नव्हतं. पण बोलता बोलता तो एक वाक्य बोलून गेला: “पण चार्ज आता मस्त होतं, आधी तासभर लागायचा, आता पटकन फुल.” त्याला ही चांगली बातमी वाटत होती. तक्त्यात ‘चार्ज फार लवकर होते’ अशी ओळ नाही, कारण त्याची तक्रार कोणी करत नाही. खरं तर सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. अंतर्गत रोध वाढलेला सेल चार्ज करताना ४.२ व्होल्टची मर्यादा लवकर गाठतो, मग चार्जर प्रवाह कमी करत नेतो आणि ‘झालं’ म्हणतो. आत फारसं काही गेलेलंच नसतं.

माझ्या बॅगेत यूएसबी मीटर होता. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा, किती मिलीअँपिअर-तास गेले ते दाखवतो, काहीशे रुपयांत मिळतो. लावण्याआधी मी वहीत तीन भाकितं लिहिली. (हे लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. आकडा आल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणं फार सोपं असतं.) केबल खराब असेल तर सुरुवातीपासून प्रवाह कमी, वेळ जास्त. सेल चांगला आणि फक्त स्क्रीन चुकत असेल तर छापील क्षमतेच्या जवळ आकडा यावा. सेल झिजला असेल तर सुरुवातीला प्रवाह नीट, मग तो लवकर घसरणार आणि एकूण आकडा छोटा. उपकरणावर ५०० छापलं होतं. अर्ध्या तासाच्या आत मीटर १६० वर थांबला. तिसरं भाकीत.

एक कबुली द्यायला हवी. उपकरण भाराखाली लवकर बंद पडतं, म्हणजे सेल पुरता रिकामा न होताच चार्जिंगला लागतो. त्यामुळे १६० या आकड्यावरून क्षमता खरोखर किती गेली आणि रोध किती वाढला, हे वेगळं काढता येत नाही. तेवढ्यासाठी सेल बाहेर काढून हळू प्रवाहाने पूर्ण रिकामा करावा लागला असता. एक मोजणी तीन शक्यतांमधून एक निवडते, पण ती आतला तपशील देत नाही.

तक्त्याचं दुसरं दुखणं ‘केबल बदला, अडॅप्टर बदला, पोर्ट पुसा’ या ओळीत आहे. तिन्ही एकदम केलं आणि चालू झालं, तर कशाने झालं? ग्राहकाला फरक पडत नाही. संशोधकाला पडतो, कारण पुढच्या महिन्यात तेच पुन्हा होणार आहे. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ फोनचं हेच झालं. फोन पेट घेऊ लागले, एका पुरवठादाराच्या बॅटऱ्यांवर बोट ठेवून फोन परत घेतले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घालून दिले, आणि बदलून दिलेले फोनही पेटले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने तपासाचा निष्कर्ष जाहीर केला: पहिल्या बॅटऱ्यांत कोपऱ्यात इलेक्ट्रोड वाकत होता, दुसऱ्यांत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. लक्षण एकच, आग. कारणं दोन. ‘आग लागते: बॅटरी बदला’ ही ओळ तिथे कोट्यवधी डॉलरला पडली.

तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. हा कागद साधारण २५ अंशांच्या खोलीत बसून लिहिलाय. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांत चार्ज करावा असं मानतात, आणि बऱ्याच उपकरणांतलं नियंत्रण त्यापुढे चार्जिंग थांबवतं. मे महिन्यात मलकापुरात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी फोन चार्ज होत नाही, तेव्हा तो बिघडलेला नसतो, शहाणा असतो. कागद म्हणतो केबल बदला. आपण बदलतो, तोवर संध्याकाळ होते, खोली निवते, चार्जिंग सुरू होतं, आणि नवी केबल हिरो ठरते! अशा हिरो केबली प्रत्येक प्रयोगशाळेच्या खणात सापडतात. माझ्या खणात दोन आहेत.

आणि काही वेळा बिघाड नसतोच. वापरून फेकायच्या व्हेपमध्ये ‘चार्ज होत नाही’ ही तर रचनाच असते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी अशा उपकरणांतले सेल काढून तपासले, २०२३ मध्ये निष्कर्ष छापले: ७०० हून जास्त वेळा चार्ज करूनही त्यांची ९० टक्के क्षमता टिकली. सेल धडधाकट, फक्त चार्जिंगची वाट ठेवलेली नाही. याला तक्त्यात कुठली ओळ द्यायची? ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा एकदा वापरायच्या उपकरणांच्या विक्रीवर बंदी आणली.

भावाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सेल गेला. मग आता?” तक्त्याची शेवटची ओळ होती: वरील उपायांनी फरक न पडल्यास विक्रेत्याशी संपर्क साधा. आम्ही दोघंही हसलो. विक्रेता म्हणजे कोणाच्या तरी रूममेटचा मित्र.

आपल्याकडे २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. पण ज्या वस्तूचं उत्पादन आणि आयातच बेकायदा, तिचा उत्पादक कागदोपत्री कोण? ओल्या कचऱ्यात टाकता येत नाही, भंगारवाल्याला दिलं तर तो हातोडीने फोडणार. भाऊ पुण्याला गेला, वस्तू माझ्याकडे सोडून. पॉड काढून, संपर्काच्या जागांवर टेप लावून, कोरडी वाळू घातलेल्या एका स्टीलच्या डब्यात ती गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली आहे. आईने विचारलं डब्यात काय आहे. मी म्हटलं, सँपल.