वचन, अभंग आणि मुद्रेचा प्रश्न

गुंद परिसरात ज्यांच्या कैक पिढ्या गेल्या, त्या आपल्या मराठी कुटुंबांना याच जोयडा तालुक्यातील उळवी परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणला उद्रेक झाल्यावर शरणांचा एक जथा या रानात आला आणि चन्नबसवण्णांची समाधी येथे झाली, अशी परंपरा आहे. आपण त्या जत्रेला जातो आणि घरी परतून हरिपाठ म्हणतो. अशा घरातील मुलाने वा मुलीने तौलनिक साहित्यात पीएच. डी. करावयाचे ठरविले, तर ‘वचने आणि अभंग’ हा विषय आपोआप पुढे येतो. त्याचे पुढे काय होते, याविषयी थोडे परखडपणे लिहावयाचे आहे.

ही ज्ञानशाखा आपल्याकडे नवी नाही. जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये तिचा विभाग उभारला. मुंबई विद्यापीठातील टागोर अध्यासनावर वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे होते. तरीही अशा प्रबंधाचा साचा बहुधा ठरलेला असतो. दोन्हीकडे लोकभाषा, दोन्हीकडे जातिभेदाचा निषेध, अक्कमहादेवीसमोर जनाबाई. आणि निष्कर्ष असा, की दोन्ही चळवळी समतेच्या. हे खोटे नाही. पण एवढे सांगावयास पाच वर्षे लागू नयेत.

मुद्रेचाच प्रश्न घेऊ. बसवण्णांचे वचन कूडलसंगमदेवाच्या नावाने संपते, अक्कमहादेवीचे चन्नमल्लिकार्जुनाच्या. तेथे कवीचे नाव नाही, दैवताचे आहे. आपल्या अभंगाच्या अखेरीस मात्र नामा येतो, चोखा येतो, तुका येतो. बोलणारा स्वतःच सही करतो. हा शैव-वैष्णव भेद असावा, असे चटकन वाटेल. परंतु पुरंदरदास तर विठ्ठलाचेच भक्त, आणि त्यांची मुद्रा ‘पुरंदरविठ्ठल’ ही दैवताचीच. मग भेद संप्रदायाचा नसून भाषिक परंपरेचा मानावा काय? तसे मानावे, तर ज्ञानदेवांच्या गाथेतील ‘बापरखुमादेवीवर विठ्ठल’ आडवा येतो. ज्यांच्या नावावरील अभंगात विठ्ठल कानडा म्हणून येतो, त्यांचीच मुद्रा कानडी रीतीच्या जवळ जावी, हा योगायोग की ऋण? एकनाथ तर आपले नाव गुरूच्या नावाला जोडतात. ती वाट आणखी निराळी. प्रबंधाचे खरे काम येथून सुरू होते.

आणि ते इंग्रजी अनुवादाच्या आधारे होणार नाही. ए. के. रामानुजन यांचे ‘स्पीकिंग ऑफ शिव’ (१९७३) हे पुस्तक श्रेष्ठ आहे; वचनांना जगभर वाचक त्याने मिळवून दिले. पण त्यात कूडलसंगमदेव ‘नद्यांच्या संगमाचा स्वामी’ अशा अर्थरूपाने येतो. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचे ते खरोखरीचे गाव अनुवादात विरघळून जाते. पंढरीनाथाला कोणी ‘शुभ्र नगरीचा धनी’ म्हणावे, तसेच हे. मुद्रेचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून मुद्राच निसटली, तर उरले काय?

आपल्या मुलांना कानडी येते, पण बसच्या पाटीपुरती, पहाणीच्या उताऱ्यापुरती. ती साहित्याची भाषा म्हणून शिकली तर घरातील मराठी उणावेल, ही भीती आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजूनही डोकावते. माझ्या पिढीने ती निमूटपणे बाळगली. मी स्वतः वचने मराठी अनुवादातूनच वाचली. म्हणूनच हा लेख मुद्रेपाशी थांबतो. वचनाच्या लयीविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही.